इंजिन जाम आहे, जीप मेलेली नाही

प्रश्न : आजोबांची महिंद्रा सीजे-३बी जीप घरामागे पत्र्याखाली बरीच वर्षे पडून आहे. इंजिन फिरत नाही. घरीच दुरुस्त होईल का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : होईल, पण बॅटरी जोडून स्टार्टर मारू नका. चारही प्लग काढा, सिलिंडरांत थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल ओता आणि आठवडाभर हात लावू नका. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडलला हळूहळू जोर द्या. या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात. बाजूचे झाकण उघडून तेही अडकलेत का पाहा.

खरी काळजी चासीची. गाडी डिचोलीच्या खाणींकडे फिरली असेल, तर तांबडी माती आतल्या पोकळीत बसून पावसाळाभर ओल धरते. स्प्रिंगच्या हँगरपाशी हातोडीने ठोका. आवाज बद्द आला, तर रंगकाम राहू द्या, आधी वेल्डर गाठा. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. वेल्डिंगआधी ती काढून दूर ठेवा.

डिझेल इंजिन बसवायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, पण चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही.