फल्लीदाणे द्या, पण कुटून

बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आपल्या विदर्भात उन्हापायी आठ-पंधरा दिवस उशिरा. जून संपत आला की आमच्या हिंगणघाटच्या गल्लीतल्या नव्या आया मला हमखास विचारतात, "ताई, नर्सरीच्या डब्ब्यात काय देऊ?" त्यांना पदार्थांची यादी हवी असते. यादी मी देते, पण शेवटी. आधी विचारते, लेकरू घरी आपल्या हातानं जेवतं का? डब्ब्याचं झाकण त्याच्यानं उघडतं का? घास चावतं, की तसाच गिळतं? काय पौष्टिक आणि काय नाही, हे सगळं त्यानंतर. मी असा क्रम का लावते, हे माझ्या लेकीच्या दुखण्याची हकिकत सांगितल्याशिवाय कुणाला पटत नाही, म्हणून तीही सांगते.

ती तेव्हा तीन वर्षांची होती, नुकतीच कॉन्व्हेंटमध्ये जायला लागली होती. वर्गात एका मुलाचा वाढदिवस होता. चॉकलेट वाटायचं नाही असा तिथला नियम, आणि नियम चांगलाच. म्हणून त्या घरच्यांनी गूळ आणि भाजलेले फल्लीदाणे पुड्या बांधून पाठवले. आपल्याकडे सगळे जाणते लोक सांगतात तोच खाऊ. खाता खाता मुलं हसत-खिदळत होती आणि माझ्या लेकीला जोराचा ठसका लागला. मॅडमनी पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं, ठसका थांबला. मी न्यायला गेले तेव्हा मॅडमनी हे सांगितलंही. पण पोरगी घसरगुंडीवर खेळत होती, चेहरा टवटवीत होता.

खोकला त्याच रात्री सुरू झाला. पावसाळ्याचे दिवस, अर्धा वर्ग सर्दीनं बेजार, त्यामुळे हाही सर्दीचाच खोकला असं घरात सगळ्यांनी धरलं. औषधानं कमी व्हायचा, औषध संपलं की परत. मग श्वासाबरोबर बारीक शिटी ऐकू यायला लागली. ती झोपली असताना मी छातीला कान लावला, तर शिटी उजव्या बाजूला स्पष्ट होती, डावीकडे जवळजवळ नव्हतीच. पुढे ताप चढला. एक्स-रे काढला, त्यात वेगळं काही दिसलं नाही. शेवटी वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांनी तपासता तपासता विचारलं, "खाताना कधी जोराचा ठसका लागला होता का?" तोवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी गूळदाण्यांचं सांगितलं आणि पुढचं सगळं भराभर झालं. भूल देऊन श्वासनळीत दुर्बीण घातली आणि अर्धा फल्लीदाणा बाहेर काढला. डॉक्टरांनी तो मला दाखवला. ओलाव्यानं फुगलेला, काळपट, माझ्या करंगळीच्या नखाहूनही लहान.

त्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे. लहान मुलाची श्वासनळी जेमतेम त्याच्या करंगळीएवढी रुंद असते. तीन वर्षांपर्यंत दुधाच्या दाढा येतात खऱ्या, पण कडक पदार्थ नीट दळून गिळण्याची सवय जबड्याला आणि जिभेला लागायला आणखी वेळ जातो. दाणा गिळताना मूल हसलं, रडलं, पळालं की तो अन्ननलिकेऐवजी श्वासनळीत ओढला जातो. फल्लीदाणा तर जास्तच वाईट, कारण तो ओलाव्यानं फुगतो आणि त्यातल्या तेलानं आतल्या नाजूक अस्तराला सूज येते. साध्या एक्स-रेत तो उमटत नाही. ठसका थांबला म्हणजे संकट टळलं असंही नाही. दाणा आणखी खाली सरकून एखाद्या फाट्यात बसला की मूल काही काळ अगदी बरं दिसतं. म्हणून खाताना ठसका लागला आणि नंतर खोकला हटेना, किंवा एकाच बाजूला शिटी वाजायला लागली, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. ठसक्याची गोष्ट आपण होऊन, सगळ्यात आधी सांगा.

निदान चार वर्षांपर्यंत, आणि माझं मत विचाराल तर पाचपर्यंत, डब्ब्यात अख्खे फल्लीदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, मक्याच्या लाह्या, कच्च्या गाजराचे जाड काप, अख्खी द्राक्षं, बी असलेली बोरं आणि चघळायच्या गोळ्या यांतलं काही नको. यांतल्या बहुतेक गोष्टी खायला उत्तमच आहेत, फक्त त्यांचं रूप बदलायचं. दाण्यांचा बारीक कूट भाजीत घाला, किंवा कूट-गुळाचा मऊ लाडू वळा, बोटानं दाबला की मोडेल असा. फुटाणे दळून त्यांचं पीठ धिरड्यात मिसळा. गाजर किसून थालीपिठात. द्राक्षाच्या उभ्या चार फोडी करा. आडवे दोन काप केले तर प्रत्येक काप गोलच राहतो आणि धोका तसाच. बोराचा गर घरीच काढून द्या, डब्ब्यात नको.

घास अडकलाच तर काय करायचं, हे घरात आजी-आजोबांसकट सगळ्यांना माहीत हवं. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाज निघेना, श्वास घेता येईना, ओठ निळे पडायला लागले, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच जोरकस थापा मारा. नाहीच निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या जरा वर मूठ ठेवा आणि पाच वेळा आत-वर झटका द्या. मग पुन्हा थापा, पुन्हा झटके. हे वर्षावरच्या मुलासाठी. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट असं दाबायचं नसतं. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, घास आणखी आत जातो. पाणी पाजू नका. दुसऱ्या कुणाला तरी लगेच १०८ ला फोन करायला लावा.

आता झाकणाचं. लेक बरी होऊन परत शाळेत जायला लागली आणि डब्बा रोज भरलेला घरी यायला लागला. पोळी-भाजी आवडीची, तरी हात लावलेला नसायचा. दवाखान्यापासून ती खायला घाबरते असं सासूबाईंना वाटायचं. एका दुपारी मी तिच्यासमोर बसून म्हटलं, "कसं खातेस ते मला दाखव बरं." तिनं डब्बा मांडीत धरला, दोन्ही अंगठे क्लिपखाली घातले, तोंड लाल होईस्तोवर जोर लावला आणि म्हणाली, "मले नाही उघडत. मॅडमकडं लय मुलं असतात." मॅडमच्या पुढ्यात तेवीस-चोवीस डब्बे, सुटी पंधरा मिनिटांची. सगळ्यांचे उघडून होईस्तोवर घंटा वाजायची. मग मी साधा, पसरट, अलगद बसणाऱ्या झाकणाचा स्टीलचा डब्बा घेतला, एकाच कप्प्याचा. डब्बा विकत घेताना मुलाला दुकानात न्या आणि त्याच्याकडून उघडून-लावून घ्या. चित्रं कसली आहेत हे त्यानंतर पाहा.

पंधरा मिनिटांत तीन वर्षांचं मूल खाईल तेवढंच द्यावं. एका लहान पोळीचे चार तुकडे आणि दोन-तीन चमचे भाजी, झालं. मोठा डब्बा पाहून मूल बिचकतं, आणि अर्धा परत आला की आपण घरी ओरडतो. पहिले काही आठवडे नवा पदार्थ डब्ब्यात पाठवू नका. नवी चव घरी, आपल्या शेजारी बसवून द्यावी. शाळेत ओळखीचंच जावं.

वर्ध्याच्या हवेत अन्न टिकण्याचा विचार केल्याशिवाय चालत नाही. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. अशा अन्नाला साधारण दोन तासांची मुदत धरतात आणि हवा ३२ अंशांवर गेली की एकाच तासाची. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेतही ही हवा असते, ऑक्टोबरच्या उन्हातही असते. सात वाजता भरलेला डब्बा दहाला उघडतो हे लक्षात घेऊन पदार्थ निवडा. रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन डब्ब्यात घालायची आपली जुनी रीत आहे. लहान मुलाच्या बाबतीत ती सोडावी. भात बाहेर राहिला की त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू विष तयार करतो, आणि फोडणीच्या आचेनं ते विष जात नाही. दहीभात, खोबऱ्याची चटणी, रस्साभाजी हेही घरीच बरं. कोरडी भाजी, थालीपीठ, सांबारवडी, मुगाचं धिरडं नीट राहतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गरम पदार्थावर लगेच झाकण लावू नका. ताटात पसरून वाफ जाऊ द्या. झाकणाखाली वाफेचं पाणी धरतं आणि त्यानंच अन्न लवकर आंबतं.

आणि आता पौष्टिकता. इथं मला एक गोष्ट मनापासून खुपते. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीत रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं देणारा आहार मिळावा, असं बरीच वर्षं ठरलेलं होतं. चार-सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची प्रथिनांची गरज १६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्यातला मोठा वाटा तिथंच भागावा असा विचार. आपण इंग्रजीच्या ओढीनं लेकराला अंगणवाडीतून काढून कॉन्व्हेंटला घालतो, तेव्हा हे ताजं जेवण सुटतं आणि त्याच्या जागी येतो बिस्किटाचा पुडा: मैदा, साखर आणि पाम तेल. कॉन्व्हेंटला जरूर घाला, पण अंगणवाडीतल्या खिचडी-उसळीची जबाबदारी आता आपल्यावर आली, हे विसरू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच्या फेरीत हाच आकडा ५३.८ होता. आपल्या घरात दोन सवयी या दुखण्याला खतपाणी घालतात. एक, सकाळी लेकराला कपभर चहा-टोस्ट. चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही. दुसरी, जेवत नाही म्हणून दिवसभर दूधच दूध. अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध प्यायलेल्या मुलाला भूक राहत नाही, आणि दुधात लोह नावालाच असतं. शाळेत जायच्या आधी पोटभर दूध पाजलं तर डब्बा परत येणारच.

बाहेरून काही आणायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात तूर आहे, ज्वारी आहे, मोट आहे, बरबटी आहे. मोड आलेली मोट मऊ शिजवून, जरा ठेचून, वर लिंबू पिळून द्या. लिंबातल्या क जीवनसत्त्वानं डाळी-पाल्यातलं लोह जास्त अंगी लागतं. पालक किंवा मेथी ज्वारीच्या पिठात घालून मऊ थालीपीठ लावा. थंडीत तुरीचे ओले दाणे उकडून, ठेचून पोळीत भरा. अंडं चालत असेल तर पूर्ण उकडलेलं, चार फोडी करून, त्याच सकाळचं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. फळ म्हणून कारंजा घाडग्याकडचा संत्रा बिया काढून, साल सोलून, नाहीतर सेलूकडची केळी. केळ आख्खं द्यावं, सालासकट; ते सोलणं मुलाला जमतं आणि आवडतंही.

आपल्या हातानं खाणं हे शिक्षणच आहे, असं मानणारी माणसं याच जिल्ह्यात होऊन गेली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमचा, म्हणजे हातानं काम करत शिकण्याचा, विचार मांडला गेला. १९४५ साली सेवाग्रामला तो अगदी लहान मुलांपर्यंत नेण्याचं ठरलं, आणि शांता नारूळकरांनी तिथं पूर्व-बुनियादीचं, म्हणजे शाळेआधीच्या वयाच्या मुलांच्या शिक्षणाचं, काम उभं केलं. हात धुणं, आपलं ताट घेणं, आपल्या हातानं जेवणं, भांडं जागेवर ठेवणं ही तिथल्या बालशिक्षणातली मोलाची कामं होती. म्हणून मी नव्या आयांना सांगते, मे महिन्यापासूनच घरी दुपारचं एक खाणं डब्ब्यात द्या. लेकरू जमिनीवर बसेल, स्वतः झाकण काढेल, खाईल, झाकण लावेल. तुम्ही शेजारी बसा, पण हात लावू नका. चमचा पडेल, भाजी फरशीवर जाईल, जाऊ द्या.

शाळेत पहिल्या दिवशी मॅडमना भेटून एवढं बोलून घ्या: मुलं बसून खातील, खाताना पळणार नाहीत, ठसका लागला तर त्याच दिवशी घरी कळवतील, आणि वाढदिवसाचा खाऊ वाटण्याआधी तो मॅडम स्वतः पाहतील. मी हे सगळं मागून घेतलं, कुणी नाही म्हटलं नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आता वाढदिवसाला बहुतेक घरांतून केळी येतात.