कीबोर्ड, मिक्सर आणि तिसरी पिन

भजनात पेटीसमोर माइक ठेवला की काम झालं. पेटीचा आवाज आधीच हवेत असतो, माइक तो फक्त उचलतो. स्टेजवरच्या कीबोर्डचं तसं नाही. त्याच्या पोटातून बाहेर येतो तो आवाज नसतोच, ते असतं व्होल्टेज. केबल, मिक्सर, अँप्लिफायर, स्पीकर असा प्रवास करून मग ते हवेत उतरतं. त्यामुळे गॅदरिंगला "कीबोर्ड ऐकूच येत नाही" किंवा "कीबोर्ड फाटतोय" अशी ओरड झाली, तर वाजवणाऱ्याच्या बोटांना दोष देण्याआधी या प्रवासाकडे बघा.

मित्रांनो, घाबरू नका. यात फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलपेक्षा जास्त काही नाही. पण तेवढं मात्र नीट हवं, कारण शेवटचा मुद्दा आवाजाचा नसून जिवाचा आहे.

१) कुठून काढायचं, कुठे घालायचं?

कीबोर्डच्या मागे बघा. 'लेफ्ट/मोनो' आणि 'राइट' अशी दोन आउटपुट असतात. जवळच हेडफोनचंही असतं. बहुतेक वेळा तिन्ही ६.३५ मिलिमीटरच्या जॅकची आणि दिसायला जुळी भावंडं! आपल्याला हवी ती पहिली दोन.

यातून जो सिग्नल येतो त्याला 'लाइन लेव्हल' म्हणतात. माइकचा सिग्नल साधारण काही मिलिव्होल्टचा असतो. लाइन लेव्हलची घरगुती उपकरणांची प्रमाण पातळी सुमारे ०.३२ व्होल्ट आणि व्यावसायिक उपकरणांची १.२३ व्होल्ट. म्हणजे शेकडो पटींचा फरक. असा सिग्नल थेट माइकच्या इनपुटात घातला तर मिक्सरच्या पहिल्याच पायरीवर त्याचे शेंडे छाटले जातात, यालाच क्लिपिंग म्हणतात. मग फेडर कितीही खाली ओढा, फाटलेला आवाज लहान होतो पण फाटलेलाच राहतो. म्हणून कीबोर्ड नेहमी 'लाइन इन'मध्ये. तिथे जागा नसेल आणि माइक चॅनेलच वापरावा लागत असेल, तर त्याचं 'पॅड' बटण दाबा. २० डेसिबलचा पॅड व्होल्टेज दहापट कमी करतो.

२) एक वायर की दोन?

आजकालच्या कीबोर्डचा पियानो स्टीरिओ असतो, म्हणून दोन्ही वायरी लावाव्याशा वाटतात. पण मंडपात डावा स्पीकर एका टोकाला, उजवा दुसऱ्या टोकाला. डावीकडे बसलेल्याला अर्धाच पियानो मिळणार. अशा ठिकाणी एकच वायर 'लेफ्ट/मोनो'ला लावा. 'राइट' रिकामं असलं की बहुतेक कीबोर्ड दोन्ही बाजू आतल्या आत एकत्र करून देतात. छोट्या बंद हॉलमध्ये स्टीरिओ लावलात तर दोन चॅनेल घ्या आणि एकाचा पॅन डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे फिरवा.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे हेडफोनच्या आउटपुटातून तीन कड्यांची स्टीरिओ वायर काढून ती मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटात घालणं. असं इनपुट दोन तारांमधल्या सिग्नलची वजाबाकी करतं. इथे एका तारेवर डावी बाजू, दुसरीवर उजवी. डाव्यातून उजवं वजा झालं की दोन्हींत सारखं असलेलं सगळं उडतं. बेस जातो, मधला भरीव पियानो जातो, उरते रिव्हर्बची शेपटी. लोक समजतात कीबोर्ड बिघडला. बिचारा ठणठणीत असतो!

३) लांब वायर आणि डीआय बॉक्स

हीच वजाबाकी योग्य जागी मात्र आपली मैत्रीण आहे. आपल्या टाकवे बुद्रुकसारख्या ठिकाणी कार्यक्रम मोकळ्यावर होतो. मिक्सर प्रेक्षकांच्या मागे, स्टेजपासून वीस-तीस मीटरवर. साधी जॅक केबल पाच-सहा मीटरपर्यंत ठीक. त्यापुढे ती अँटेनासारखी वागू लागते आणि लायटिंगच्या वायरींतली खरखर गोळा करते.

उपाय म्हणजे डीआय बॉक्स. ही मुठीएवढी पेटी कीबोर्डजवळ ठेवायची. एका बाजूने जॅक आत, दुसऱ्या बाजूने तीन पिनांची एक्सएलआर केबल बाहेर. पिन १ शील्ड, पिन २ वर सिग्नल, पिन ३ वर तोच सिग्नल उलटा. वाटेत जी खरखर शिरते ती २ आणि ३ वर सारखीच शिरते. मिक्सर वजाबाकी करतो तेव्हा खरखर कटते आणि सिग्नल दुप्पट होतो. डिफरन्शियल अँप्लिफायर पाठ करताना "याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी.

डीआय बॉक्स इम्पीडन्सही (मराठी परिभाषेत संरोध) कमी करतो. त्यातून निघणारा सिग्नल माइकच्या पातळीचा असतो, म्हणून तो मात्र मिक्सरच्या माइक इनपुटातच जातो. कीबोर्डचा सिग्नल दणकट असल्याने ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय पुरतो. अ‍ॅक्टिव्ह असेल तर त्याला बॅटरी किंवा मिक्सरमधून येणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते.

४) घुंऽऽऽ आणि तिसरी पिन

आता तो आवाज, जो सगळ्यांनी ऐकलाय. कोणीही वाजवत नसताना स्पीकरमधून येणारं घुंऽऽऽ. आपली वीज ५० हर्ट्झची. सर्वांत खालच्या सप्तकांपैकी एकातली पांढरी पाच ४९ हर्ट्झची. म्हणजे पांढरी एकचा सा धरलात तर तुमचा मेन सप्लाय जवळपास पंचम लावून बसलेला असतो, किंचित चढा! आणि विजेचं नि आपल्या भागाचं नातं जुनं आहे. टाकव्याच्या पुढे अंदर मावळात ठोकरवाडीचं धरण आहे. त्याचं पाणी घाटाखाली सोडून भिवपुरीला १९२२ पासून वीज बनते.

हा पंचम मिक्सरमध्ये शिरतो कसा? समजा कीबोर्डला जोडलेल्या लॅपटॉपचा चार्जर स्टेजवरच्या सॉकेटमध्ये आहे आणि मिक्सर मागच्या सॉकेटमध्ये. दोन्हींना आपापलं अर्थिंग. दोन जागांच्या अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. ऑडिओ केबलचं शील्ड या दोन अर्थना जोडतं, त्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरू लागतो आणि आपल्याला घुंऽऽऽ ऐकू येतं. हाच ग्राउंड लूप.

खात्री करायला लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घुंऽऽऽ थांबलं तर चोर सापडला. उपाय तीन. स्टेज आणि मिक्सरला एकाच ठिकाणाहून वीज घ्या. डीआय बॉक्सवरचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबा, ते फक्त ऑडिओ केबलच्या शील्डची जोडणी तोडतं. आणि विजेच्या वायरी ऑडिओच्या वायरींना समांतर नेऊ नका, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

पण चौथा 'उपाय' जास्त लोकप्रिय आहे : थ्री-पिन प्लगची मोठी पिन कापून टाकणे. एका कार्यक्रमात भाड्याने आलेल्या तीन एक्स्टेंशन बोर्डांपैकी दोन मी असे पाहिले आहेत. "घुंऽऽऽ जातं ना मग?" हे उत्तर मिळालं. जातं, खरंच जातं. पण ती पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड उगीच नसते. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. यंत्राच्या आत फेजची वायर सुटून धातूच्या बॉडीला लागली, तर तो करंट त्या पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर तो दुसरी वाट शोधतो. गिटारिस्टच्या हातात तारा असतात, त्याच्या तोंडाशी माइक असतो. मधली वाट म्हणजे तो स्वतः. ३ मे १९७२ रोजी स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टेजवरच गेला, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. त्यात आपल्याकडे गणपतीत मावळातला पाऊस, ओली सतरंजी, अनवाणी पाय. घुंऽऽऽ सहन करा, पण पिन कापू नका. मंडपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे की नाही, हे आयोजकांनी आणि आपल्या सरांनी आधीच विचारावं ही विनंती.

५) साउंडचेकचा क्रम

सगळे फेडर खाली. आधी कीबोर्ड चालू, मग मिक्सर, सर्वांत शेवटी अँप्लिफायर. बंद करताना बरोबर उलटं, नाहीतर 'धप्प' असा आवाज स्पीकरवर बसतो. कीबोर्डचा व्होल्यूम पाऊण ठेवा. अगदी कमी ठेवलात तर मिक्सरवर गेन वाढवावा लागतो आणि त्याबरोबर सुंऽऽऽही वाढतं. आता तुमचा सर्वांत मोठा आवाज निवडा, बहुधा ब्रास, आणि दोन्ही हातांनी जोरात वाजवा. हळू वाजवून चेक देणाऱ्याचा आवाज कार्यक्रमात हमखास फाटतो. पीएफएल दाबून मीटर शून्याच्या आसपास येईपर्यंत गेन फिरवा, मग फेडर वर. बँडमध्ये बेस गिटार असेल तर लो-कट दाबा आणि डाव्या हाताला जरा आवरा. खालची जागा बेसवाल्याची आहे. मॉनिटरचा ऑक्स 'प्री-फेडर' ठेवा, म्हणजे मागे कोणी फेडर हलवला तरी तुमचं ऐकू येणं बदलत नाही.

हे सगळं दहा मिनिटांत होतं. आणि व्हायलाच हवं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे खास परवानगी नसेल तर मोकळ्यावरचे स्पीकर रात्री १० ला बंद. साउंडचेकमध्ये गेलेला तास शेवटच्या दोन गाण्यांतून कापला जातो.

बॅगेत एवढं असू द्या : दोन जास्तीच्या जॅक केबल, एक एक्सएलआर, डीआय बॉक्स, कीबोर्डचा स्वतःचा अ‍ॅडॉप्टर, चिकटपट्टी, टेस्टर आणि अखंड तीन पिनांचा एक एक्स्टेंशन बोर्ड. ऐनवेळी केबल तुटली तर कान्ह्याहून लोकल पकडून पुण्यात दुकान गाठेपर्यंत कार्यक्रम संपलेला असेल. तर मग, भेटू साउंडचेकला!