सुटीचा प्रवास आणि घरी राहिलेला मुलगा

गेल्या वर्षी शाळांना उन्हाळ्याची सुटी लागण्याच्या सुमारास, जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ थांबले. कुटुंब चार दिवस कोकणात जाणार होते. थोरला मुलगा तेरा वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त. पाय साथ देत नाहीत, बोलणे घरच्यांनाच उमगते, समज मात्र शाबूत. दरवर्षी तो दादीजवळ राहतो. ते म्हणाले, "मौलाना, यंदा धाकटी हटून बसली आहे. भाईजान नसेल तर मीही येणार नाही म्हणते. त्याला घरी ठेवण्यात गुनाह आहे का?"

मी एक दिवसाची मुदत मागितली.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात हजरत जाबिर (रजि.) यांचे एक कथन आहे. प्रवासात प्रेषित मुहम्मद (स.) काफिल्याच्या मागील बाजूस राहत असत. जो दुर्बल मागे पडे त्याला पुढे नेत, कोणाला आपल्या वाहनावर मागे बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करीत. ही हदीस आपण बहुधा नम्रतेच्या विवेचनात ऐकतो. मला ती प्रवासाच्या व्यवस्थेचीही वाटते. काफिला कोठवर पोहोचला, हे त्यातील शेवटच्या माणसावरून ठरत असे. हजरत उस्मान बिन अबिल-आस (रजि.) यांना त्यांच्या लोकांचे इमाम नेमतानाही प्रेषितांनी (स.) त्यांच्यातील सर्वांत दुर्बल माणसाचा विचार करून नमाज पढविण्यास सांगितले होते. एका कुटुंबाच्या सहलीला याहून वेगळे माप का लावावे?

हजसारख्या नेमून दिलेल्या इबादतीतही ही सवलत दिसते. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी प्रकृतीची तक्रार सांगितली, तेव्हा त्यांना लोकांच्या मागून वाहनावर बसून तवाफ करण्यास सांगण्यात आले. हजरत सौदा (रजि.) यांची चाल मंद होती, गर्दी होण्यापूर्वी, रात्रीच मुजदलिफाहून निघण्याची परवानगी त्यांना मिळाली. दोघींपैकी कोणालाही मागे राहा असे सांगितले गेले नाही. वेळ बदलली, वाट बदलली, साधन बदलले.

दुसऱ्या दिवशी मी त्या गृहस्थांना विचारले, "त्याला न नेण्याचे कारण त्याचा त्रास आहे की आपला संकोच?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लोक टक लावून बघतात, मौलाना." सूरह नूरच्या ६१व्या आयतीत नातलगांच्या घरी एकत्र जेवण्याचा उल्लेख येतो आणि त्याचा आरंभच आंधळा, लंगडा व आजारी यांच्यापासून होतो. भाष्यकारांनी नोंदविले आहे, की त्या काळी अशा व्यक्तींच्या पंगतीस बसताना दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होई. तो संकोच या आयतीने दूर केला. संततीत न्याय राखण्याविषयी हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आपण मालमत्तेच्या वाटणीपुरती वाचतो. एका लेकराला समुद्र आणि दुसऱ्याला खिडकी, हीदेखील वाटणीच आहे.

अर्थात प्रत्येक मुलास प्रवास मानवतोच असे नाही. कोणाला गोंगाटाने असह्य त्रास होतो, कोणाला झटके येतात. ऐपतीपलीकडचा भार अल्लाह कोणावर टाकत नाही, आणि आई-वडिलांनीही तो मुलावर टाकू नये. परंतु ज्याला समज आहे त्याला आधी विचारावे. या मुलास तेरा वर्षांत कोणी विचारलेच नव्हते.

आता थोडे व्यवहाराचे. अशा अस्थिव्यंग मुलास सोबतीवाचून प्रवास अशक्य असल्याचे सरकारी डॉक्टरांचे विहित प्रमाणपत्र असेल, तर रेल्वेच्या शयनयान व तृतीय वातानुकूलित वर्गात मूळ भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. सोबत्यालाही तेवढीच. लॉजवाल्यास "व्हीलचेअर चालेल का?" असे विचारू नये, तो हो म्हणतोच. खुर्चीची रुंदी आधी मोजावी आणि न्हाणीघराच्या दाराची रुंदी इंचांत विचारावी. एकच पायरी आहे, असे सांगितले तर तिची उंचीही विचारावी. कोरड्या वाळूत चाके रुततात, ओहोटीनंतरची ओली वाळू घट्ट असते. म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा पाहून दिवस आखावा. नमाजच्या बाबतीत शाफई कुटुंबांना, म्हणजे कोकणातील आपल्या बहुसंख्य बांधवांना, कसर लागू होणाऱ्या लांबच्या प्रवासात जुहर-असर वा मगरिब-इशा एकत्र पढता येते. हनफींनी जुहर वेळेच्या अखेरीस व असर आरंभी पढली, तर एकाच थांब्यावर दोन्ही होतात. मुलास पुनःपुन्हा उतरवावे लागत नाही. ज्याला उभे राहता येत नाही त्याची नमाज बसून, तेही न जमल्यास कुशीवर होऊन इशाऱ्याने.

ते कुटुंब गेले. या खेपेस दादीही गेल्या. त्यांनीही बरीच वर्षे समुद्र पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी खुर्ची वाळूत अडकली आणि दोन अनोळखी कोळी तरुणांनी ती उचलून पाण्याजवळ नेली. मुलाने लाटेत पाय ठेवले, घाबरून किंचाळला, मग पुन्हा ठेवू द्या म्हणून हट्ट धरून बसला. तिसऱ्या दिवशी तो थकून चिडला आणि सर्वांचाच बेत रद्द झाला. किल्ला पाहायचा राहिला.

परत आल्यावर त्या गृहस्थांनी हे सारे सांगितले, आणि एक गोष्ट जरा चाचरत. जुम्याला ते तेथील मशिदीत गेले, तेव्हा पायऱ्यांमुळे मुलगा बाहेर रिक्षातच राहिला. "आपल्याकडेही तेच होते, मौलाना. म्हणून त्याला मी कधी आणत नाही."

आमच्या मशिदीस पाच पायऱ्या आहेत. मी त्या सहा वर्षे रोज चढतो. त्या संध्याकाळी मोजल्या, तीस इंच उंची भरली. एका इंचास बारा इंच या प्रमाणित उतारासाठी तीस फूट लांबी हवी, आणि आमचे अंगण बावीस फूट आहे. उतारास मध्ये वळण देता येईल, असे गवंडी म्हणतो. मशिदीच्या कमिटीपुढे हा विषय या महिन्यात आहे.