घटक ४ : कलावंत, आत्मकथन आणि चाहता वाचक
(‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकाच्या स्वागताचा अभ्यास)

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• लोकप्रिय कलावंताविषयीच्या आत्मकथनाला वाचकांचा संमिश्र प्रतिसाद का मिळतो, हे सांगता येईल.
• आत्मकथनातील लेखक, निवेदक आणि नायक यांच्यातील नाते स्पष्ट करता येईल.
• पतीच्या उल्लेखासाठी वापरलेल्या शब्दांवरून स्त्रियांच्या आत्मकथनांतील बदलता दृष्टिकोन ओळखता येईल.
• वाचक म्हणून स्वतःच्या प्रतिक्रियेचे परीक्षण करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, मागील घटकात आपण आत्मचरित्र, आत्मकथन आणि आठवणी या प्रकारांतील साम्यभेद पाहिले. तेथे आपले लक्ष लेखकाकडे होते. या घटकात ते वाचकाकडे, त्यातही ‘चाहता’ या विशिष्ट वाचकाकडे वळवायचे आहे.

चाहता हा कोरी पाटी घेऊन पुस्तकाकडे येत नाही. ज्या कलावंताने त्याला वर्षानुवर्षे आनंद दिला, त्याची एक मूर्ती त्याच्या मनात आधीच घडलेली असते. पुस्तक त्या मूर्तीशी जुळले तर तो सुखावतो, न जुळले तर दुखावतो. आणि पुष्कळदा एकाच वाचनात तो सुखावतो आणि दुखावतोही. ही गोष्ट एखाद्या भाषेपुरती मर्यादित नाही. ‘रोलिंग स्टोन्स’ या रॉक वाद्यवृंदाचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याचे ‘लाइफ’ हे आत्मकथन २०१० साली आले. त्यात त्याने आपला जन्माचा सहकारी मिक जॅगर याच्याविषयी बोचरे लिहिले. तेव्हा दोघांवरही प्रेम करणाऱ्या श्रोत्यांपुढे हाच पेच उभा राहिला : ज्याचे गाणे आपले, त्याचे खाजगी आयुष्यही आपले का?

मराठीत हा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने उभा केला तो सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’ या पुस्तकाने. मौज प्रकाशन गृहाने ते १९९० साली प्रसिद्ध केले.

४.२ पार्श्वभूमी

पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांची ओळख केवळ ‘विनोदी लेखक’ एवढीच करून देणे अपुरे ठरते. ते संगीतकार होते, पेटीवादक होते, नट आणि नाटककार होते. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटाची कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका अशा साऱ्या बाजू त्यांनी सांभाळल्या. ‘बटाट्याची चाळ’ या एकपात्री प्रयोगाने त्यांनी एकट्याच्या बळावर नाट्यगृहे भरवली. ‘महाराष्ट्राचे लाडके व्यक्तिमत्त्व’ हे बिरुद त्यांना कोणत्याही संस्थेने दिले नव्हते. ते लोकांनी दिले होते. ‘लाडके’ हे विशेषण येथे लक्षात ठेवावे. आदर वाटणाऱ्या माणसावर टीका झाली तर आपण युक्तिवाद करतो. लाडक्या माणसावर झाली तर आपण रागावतो.

सुनीताबाई या माहेरच्या ठाकूर, आणि माहेर रत्नागिरीचे. १९४२च्या स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी भाग घेतला. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीत त्यांचा पु. लं.शी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. ‘वंदेमातरम्’ (१९४८) या चित्रपटात दोघांनी एकत्र भूमिका केल्या, ‘वाऱ्यावरची वरात’मध्ये त्या रंगमंचावर होत्या, आणि पुढे बा. सी. मर्ढेकर, बा. भ. बोरकर यांच्या कवितांचे जाहीर वाचनही दोघांनी मिळून केले. मात्र प्रयोगांची व्यवस्था, करारमदार, पैशाअडक्याचे हिशेब, दानधर्मामागचा विचार आणि शिस्त हे त्यांचे काम प्रेक्षकांना क्वचितच दिसले.

पुस्तकातही कालक्रम नाही. आठवणी येतील तशा येतात, मध्येच कविता येतात, आणि लेखिका स्वतःची उलटतपासणी घेत पुढे जाते. पु. लं.च्या प्रतिभेविषयीचे प्रेम त्यात आहे. त्यांच्या व्यवहारातील बेफिकिरीविषयी, परावलंबनाविषयी आणि सोबतीच्या कष्टांकडे झालेल्या दुर्लक्षाविषयी स्पष्ट तक्रारही आहे. स्वतःच्या काटेकोर, हट्टी स्वभावाचा हिशेबही लेखिकेने लपवलेला नाही.

४.३ प्रतिक्रियांचे स्वरूप

पुस्तक गाजले आणि वाचक विभागले गेले. त्या प्रतिक्रियांचे स्थूलमानाने तीन गट करता येतात.

(अ) दुखावलेला चाहता : या वाचकाचे म्हणणे असे, की घरातील गोष्टी घरातच राहायला हव्या होत्या. ज्याने साऱ्या महाराष्ट्राला हसवले, त्याला त्याच्या हयातीतच असे उघडे करणे अन्यायाचे आहे. ही प्रतिक्रिया भाबडी म्हणून बाजूला सारता येणार नाही. ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याला बाजू मांडण्याची समान संधी असते का, हा नैतिक प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

(आ) समाधान पावलेला वाचक : यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते, असे त्या काळच्या चर्चेवरून जाणवते. थोर पुरुषाच्या संसारातील अदृश्य श्रमांना प्रथमच इतक्या निःसंकोचपणे शब्द मिळाले, असे त्यांना वाटले. या गटातील काहींनी मात्र पुस्तकाला केवळ फिर्यादीचे रूप दिले आणि त्यातील प्रेम वाचायचे राहून गेले.

(इ) दुभंगलेला वाचक : हा सर्वांत मनोज्ञ गट. त्याला पुस्तक पटते आणि तरीही बोचते. पुस्तक वाचल्यावर त्याने पु. लं.ची ध्वनिफीत लावणे सोडले नाही. पण ऐकताना त्याला विंगेत उभी असलेली एक व्यक्ती दिसू लागली.

प्रस्तुत लेखक त्या काळी रत्नागिरीत पदवीचा विद्यार्थी होता. आमच्या घरी पुस्तकाची एकच प्रत होती आणि ती आळीत फिरत असे. एका मावशींनी प्रत परत करताना म्हटले, “बाईने फार लिहिले.” थोडे थांबून त्याच पुढे म्हणाल्या, “पण खोटे काही नाही हो.” या दोन वाक्यांमधील ‘पण’ समजून घेणे, हेच या घटकाचे प्रयोजन आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
योग्य शब्द लिहा.
१) ‘आहे मनोहर तरी’ हे पुस्तक ______ साली प्रसिद्ध झाले.
२) सुनीताबाईंचे माहेरचे आडनाव ______.
३) ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाचे संगीतकार ______.

४.४ आत्मकथनाचा करार

फ्रेंच अभ्यासक फिलिप लज्यून याने १९७५ साली ‘आत्मचरित्रात्मक करार’ ही संकल्पना मांडली. मुखपृष्ठावरील लेखक, मजकुरातील निवेदक आणि ज्याची कथा सांगितली जाते तो नायक हे तिघे एकच आहेत, अशी ग्वाही लेखक देतो आणि वाचक ती स्वीकारतो. या करारामुळेच आत्मकथन कादंबरीहून वेगळे ठरते.

आपल्या उदाहरणाला हा विचार लावून पाहू. करार सुनीताबाई आणि वाचक यांच्यात झालेला आहे. परंतु चाहता पुस्तक हाती घेतो ते पु. लं.साठी. लेखिका ‘मी’विषयी बोलते आहे आणि वाचक ‘त्यां’च्याविषयी ऐकतो आहे. संमिश्र प्रतिक्रियेचे एक मोठे कारण या विसंगतीत आहे. पुस्तकाची नायिका कोण, याविषयीच लेखिका आणि वाचक यांचे एकमत झालेले नाही.

येथे रत्नागिरीच्या वाचकाला एक विशेष गंमत जाणवेल. पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील अंतू बर्वा हा रत्नागिरीचा. त्याचे तिरकस बोलणे, दारिद्र्य, एकाकीपण हे सारे पु. लं.नी उघड्यावर मांडले आणि रत्नागिरीने त्याला डोक्यावर घेतले. जावयाने गावाचे चित्र काढले तेव्हा आपण हसलो. गावच्या लेकीने जावयाचे चित्र काढले तेव्हा मात्र आपण अस्वस्थ झालो. अंतू बर्वा हे कल्पित व्यक्तिचित्र आहे आणि त्यामागे वर सांगितलेला करार नाही, हे यावरचे उत्तर योग्यच आहे. पण ते पूर्ण उत्तर नव्हे. ज्याच्याकडे आपण प्रेमाने पाहतो त्याच्याकडे दुसऱ्या कोणी बारकाईने पाहिलेले आपल्याला सहन होत नाही, हेही त्यामागचे एक कारण आहे.

४.५ ‘स्वतः’, ‘टिळक’ आणि ‘भाई’

आता भाषेकडे वळू. पत्नीने पतीचे नाव उच्चारू नये, हा मराठी समाजातील जुना संकेत. लिहिणाऱ्या स्त्रीपुढे त्यामुळे एक व्याकरणिक अडचण उभी राहते : ज्याचे नाव घ्यायचे नाही, त्याच्याविषयी शेकडो पाने कशी लिहायची?

रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात न्यायमूर्तींसाठी ‘स्वतः’ हा शब्द योजला. एरवी ‘मी’चा निर्देश करू शकणारे हे आत्मवाचक सर्वनाम येथे पतीसाठी राखून ठेवलेले आहे. शीर्षकातही ‘माझ्या’ नसून ‘आमच्या’ आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यांत पती ‘टिळक’ या आडनावाने आणि आदरार्थी बहुवचनाने येतो. दापोली तालुक्यातील करजगावी जन्मलेल्या या कवीचा तापटपणा आणि लहरीपणा लक्ष्मीबाई मोकळेपणाने रंगवतात. मात्र त्यावर विनोदाची साय असते. सुनीताबाई पतीला ‘भाई’ म्हणतात आणि त्याच्याविषयी एकेरीत लिहितात.

सर्वनाम, आडनाव आणि घरगुती नाव या तीन पायऱ्यांवर पती-पत्नींमधील अंतर कमी होत गेलेले दिसते. चाहत्याला जे खटकले ते कदाचित आशयाआधी या एकेरीतच होते. वाचक ज्यांना ‘पु. ल.’ म्हणून बहुवचनात संबोधतो, ते येथे ‘तो’ होतात. ‘पु. ल.’ हे सार्वजनिक नाव आहे, ‘भाई’ हे नात्यातले. लेखिकेने पु. लं.विषयी लिहिलेलेच नाही, तिने भाईविषयी लिहिले आहे, असेही म्हणता येईल.

आणखी एक वस्तुस्थिती नोंदवायला हवी. रमाबाईंचे आणि लक्ष्मीबाईंचे लेखन प्रसिद्ध झाले तेव्हा न्यायमूर्ती रानडे (मृत्यू १९०१) आणि ना. वा. टिळक (मृत्यू १९१९) हयात नव्हते. ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झाले तेव्हा पु. ल. हयात होते आणि त्यानंतर दहा वर्षे हे दांपत्य एकत्र नांदले. म्हणून हे पुस्तक संसाराचा शेवटचा जमाखर्च ठरत नाही. संसार चालू असतानाच झालेल्या संवादाचा तो एक भाग आहे.

४.६ शीर्षकातील ‘तरी’

मराठीत ‘जरी… तरी’ ही अव्ययांची जोडी विरोध दर्शवते. ‘जरी’ गौण वाक्य सुरू करते, ‘तरी’ मुख्य वाक्य. बोलताना ‘जरी’ अध्याहृत ठेवता येते; मुख्य वाक्य मात्र सांगावेच लागते. या शीर्षकात लेखिका ‘तरी’पाशी थांबली आहे. मुख्य वाक्य तिथे नाही; ते शोधण्यासाठीच पुस्तक वाचायचे आहे.

दुखावलेला चाहता ‘मनोहर’पाशी थांबू इच्छितो. पुस्तकाला फिर्याद मानणारा वाचक केवळ ‘तरी’ ऐकतो. शीर्षकाला मात्र दोन्ही शब्द हवे आहेत. मनोहर नसते, तर ‘तरी’ म्हणण्याचे कारणच नव्हते.

४.७ मूल्यमापन

मग चाहत्याचा आक्षेप चुकीचा ठरतो का? पूर्णतः नाही. आत्मकथन एकाचे असले, तरी त्यात अनेकांची आयुष्ये येतात आणि त्यांची संमती घेतलेली असतेच असे नाही. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या आत्मकथनातही अशी इतर माणसे आहेत. सत्य सांगण्याचा हक्क आणि दुसऱ्याची प्रतिष्ठा यांतील ताण हा या वाङ्मयप्रकाराचा स्थायी भाग आहे.

परंतु आक्षेप घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. लेखिकेने स्वतःला दुसऱ्यापेक्षा सवलतीने वागवले आहे का? आणि आपण दुखावलो ते असत्यामुळे, की आपल्या मनातील मूर्तीला तडा गेल्यामुळे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे. दुसऱ्याचे प्रत्येकाने स्वतःत. कलावंतावरील प्रेम टिकण्यासाठी तो निर्दोष असावा लागतो, असे मानणारे प्रेम फार तकलादू असते. पु. लं.वरील महाराष्ट्राचे प्रेम या पुस्तकानंतरही ओसरले नाही, ही गोष्ट त्या प्रेमाच्याही बाजूने साक्ष देते आणि पुस्तकाच्याही.

४.८ सारांश

लोकप्रिय कलावंताविषयीचे आत्मकथन चाहत्याच्या मनातील प्रतिमेशी टकरावते, म्हणून त्याचे स्वागत संमिश्र होते. ‘आहे मनोहर तरी’च्या बाबतीत दुखावलेला, समाधान पावलेला आणि दुभंगलेला असे तीन वाचकगट दिसतात. आत्मकथनाचा करार लेखिकेशी असताना वाचकाचे लक्ष तिच्या पतीकडे राहणे, हे मतभेदाचे प्रमुख कारण. ‘स्वतः’, ‘टिळक’ आणि ‘भाई’ या उल्लेखांतून स्त्रीच्या निवेदनातील वाढती समानता व्यक्त होते. शीर्षकातील अपूर्ण वाक्य पुस्तकाचा दुहेरी भाव सूचित करते.

४.९ पारिभाषिक शब्द

अध्याहृत – उच्चार न करता गृहीत धरलेला शब्द.
आत्मवाचक सर्वनाम – ‘आपण’, ‘स्वतः’ यांसारखे, स्वतःचा निर्देश करणारे सर्वनाम.
निवेदक – मजकुरात कथन करणारा आवाज.

४.१० स्वयं-अध्ययनासाठी प्रश्नांची उत्तरे

१) १९९० २) ठाकूर ३) पु. ल. देशपांडे

४.११ सरावासाठी स्वाध्याय

अ) ‘आहे मनोहर तरी’ला मिळालेल्या संमिश्र प्रतिसादाची कारणे सविस्तर लिहा.
आ) पतीच्या उल्लेखाच्या आधारे रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक आणि सुनीता देशपांडे यांच्या निवेदनांची तुलना करा.
इ) टीप लिहा : आत्मचरित्रात्मक करार.

४.१२ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील निरनिराळ्या वयाच्या चार वाचकांना हे पुस्तक वाचून काय वाटले ते विचारा. त्यांचे मत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि प्रत्येकाच्या बोलण्यात ‘पण’ किंवा ‘तरी’ कोठे येतो याची नोंद करा. शेवटी स्वतःची प्रतिक्रिया लिहा आणि तिलाही हीच कसोटी लावा.