गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री टाकलेला पॅच

१७ मार्च २०१८, शनिवारची रात्र. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. मी तेव्हा एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळत होतो. विंडोज सर्व्हर २००८ आर२, व्हीएमवेअरवर चालणारा. आठही शाखांचे कर्मचारी रिमोट डेस्कटॉपने त्याच्यावरच लॉगिन करून काम करायचे. रविवारी सगळं बंद, म्हणून मार्च महिन्याचा अपडेट टाकला, रीस्टार्ट दिला, कन्सोलवर लॉगिनचा पडदा आलेला पाहिला आणि घरी गेलो.

सोमवारी साडेनऊला पहिला फोन आला. "सर, सिस्टीमच लागत नाही. पिग्मी एजंट काउंटरला येऊन थांबलेत." दहा मिनिटांत उरलेल्या शाखांचेही फोन सुरू झाले. मार्च एंड तोंडावर आलेला.

सर्व्हर चालू होता, डेटाबेस चालू होता. गेलं होतं ते नेटवर्क कार्ड. अपडेटने जुन्या कार्डाच्या जागी नवं कोरं कार्ड उभं केलं होतं आणि आम्ही दिलेला कायमचा आयपी पत्ता त्यात नव्हता. जुना पत्ता परत टाकायला गेलो, तर विंडोजने सांगितलं की हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे आणि ते कार्ड आता संगणकात नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं उघडून ते मेलेलं कार्ड काढावं लागलं. त्यात पत्ता, गेटवे, डीएनएस यांतलं काहीच कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. एका शाखेच्या संगणकावरच्या शॉर्टकटमधून पत्ता शोधला, बाकीचं राउटरवरून जुळवलं. सगळं सुरळीत व्हायला बारा वाजून गेले. तोवर कॅशियर मॅडम हाताने पावत्या लिहीत होत्या, आणि रात्री त्याच नोंदी पुन्हा भरत बसल्या.

हा दोष मायक्रोसॉफ्टने त्या अपडेटच्या पानावर स्वतःच ज्ञात अडचणींत नोंदवला आणि उपायही दिला. आठ-दहा दिवस थांबून ते पान वाचलं असतं तर ही सोमवारची सकाळ टळली असती. रीस्टार्टनंतर एखाद्या शाखेतून लॉगिन करून पाहिलं असतं, तरी चूक शनिवारीच हाती लागली असती. सर्व्हरच्या स्वतःच्या पडद्यावर सगळं ठीक दिसणं म्हणजे काम झालं, असं कधीही समजू नका.

पण माझी मोठी चूक याच्या पुढची आहे. मी तो अपडेट काढून टाकला, स्वयंचलित अपडेट बंद केले आणि मार्च एंड झाला तरी काही महिने कशालाच हात लावला नाही. व्यवस्थापक साहेबही म्हणाले, "चालतंय ना, मग राहू दे." ऑडिटची तयारी करताना कळलं, की जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन दोषासाठी जे पॅच आले, त्यांनीच ६४ बिट विंडोज ७ आणि २००८ आर२ मध्ये नवं भोक पाडलं होतं. साधा वापरकर्ताही कर्नलची मेमरी वाचू आणि बदलू शकत होता. त्यावरचा वेगळा पॅच २९ मार्चला आला. मी जानेवारीचा टाकला होता आणि मार्चमध्ये घाबरून थांबलो होतो. जानेवारीच्या आधी थांबलेल्या सर्व्हरपेक्षाही या एका बाबतीत आमचा सर्व्हर जास्त उघडा होता.

त्या दोषाच्या वर्णनात लिहिलं होतं, की हल्लेखोराला आधी त्या यंत्रावर लॉगिन करावं लागतं. असं वाचलं की आपण तो पॅच मागे ढकलतो. पण ज्या सर्व्हरवर आठ शाखांची माणसं रोज लॉगिन करतात, तिथे प्रत्येक खातं आतलंच. एका कॅशियरचा पासवर्ड फुटला की पुरे. म्हणून पॅचपुढे छापलेला तीव्रतेचा गुणांक वाचून तिथेच थांबू नका. तुमच्या यंत्रापर्यंत कोण पोहोचू शकतं, त्यावर क्रम ठरवा.

आता मी हा क्रम पाळतो. विनापासवर्ड, नेटवर्कवरून आत शिरता येईल असा दोष असेल आणि ती सेवा आपल्याकडे चालू असेल, तर वाट पाहायची नाही. १४ मार्च २०१७ ला फाइल शेअरिंगच्या एसएमबीचा पॅच आला आणि १२ मे रोजी त्याच दोषातून शिरणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला. मधे ५९ दिवस होते. मे २०१९ मध्ये ब्लूकीप आला, तो थेट रिमोट डेस्कटॉपमधला दोष, म्हणजे आमच्या दारातलाच. तेव्हा व्हीएमचा स्नॅपशॉट घेतला, त्याच रात्री पॅच टाकला, दोन शाखांतून लॉगिन करून पाहिलं आणि मगच उठलो. बाकीच्या मासिक अपडेटना आठ-दहा दिवस थांबतो, ज्ञात अडचणी वाचतो, आधी सर्व्हरच्या प्रतीवर टाकून बघतो. जी सेवा लागतच नाही तिचे पॅच निवडत बसण्यापेक्षा ती सेवाच बंद करतो. एसएमबीची पहिली आवृत्ती आम्ही अशीच काढून टाकली. एक मात्र आहे, पासबुक छापायचं असेल तर प्रिंट स्पूलर बंद करता येत नाही. असल्या गोष्टी काउंटरवर बसणाऱ्याला विचारूनच ठरवाव्यात.

एकेक पॅच वेचून घ्यायची सोय २००८ आर२ सारख्या जुन्या विंडोजमध्येही ऑक्टोबर २०१६ पासून जवळजवळ संपली, हेही ध्यानात घ्या. महिन्याचा पूर्ण गठ्ठा घ्या किंवा फक्त सुरक्षेचा घ्या, एवढीच निवड तिथे राहिली होती. फक्त सुरक्षेच्या गठ्ठ्यात मागच्या महिन्यांचं काही नसायचं. एक महिना चुकला की ते भोक तसंच राहायचं. रेड हॅट किंवा सेंटओएस वापरणाऱ्यांची अडचण उलटी असते. तिथे दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतात, मोठा क्रमांक बदलत नाही. ऑडिटरच्या अहवालात ओपनएसएसएच जुनं म्हणून लाल खूण आली, तर घाईने बाहेरची नवी आवृत्ती बसवू नका. आधी पॅकेजचा चेंजलॉग उघडून त्यात तो दोष क्रमांक शोधा.

आणि एक वही ठेवा. आमच्या सर्व्हर रूममध्ये आता दोरीला बांधलेली वही आहे. आयपी, गेटवे, डीएनएस, कोणता अपडेट कधी टाकला, कोणता का टाकला नाही, आणि बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उतरवून चालू करायला किती वेळ लागला, हे सगळं त्यात तारखेसह आहे. टाकला नाही याचं कारण लिहायला लागलं, की चालढकल आपोआप कमी होते.

२००८ आर२ चा नेहमीचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ ला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. यांतला एखादा सर्व्हर तुमच्या संस्थेत अजून चालू असेल आणि त्याला विकतचा वाढीव आधार आता मिळत नसेल, तर कोणता पॅच टाकू हा प्रश्न तुमच्यापुढे उरलेलाच नाही. तो सर्व्हर इंटरनेटपासून आजच तोडा, आणि पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत नव्या सर्व्हरचा विषय लेखी द्या.