स्वमग्न मूल कॉलेजला जाते तेव्हा

बारावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटतात. ज्या घरातले मूल स्वमग्न आहे, तिथे पेढ्यांसोबत धास्तीही येते. शाळेतल्या बाई त्याला सांभाळून घेत होत्या, कॉलेजात कोण घेणार?

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. हे वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि आईच्या संगोपनातली चूकही नव्हे. अशा मुलांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. ती नजरेला नजर देत नाहीत, बोलण्याचा शब्दशः अर्थ घेतात, ठरलेला क्रम मोडला की बेचैन होतात. गर्दी आणि गोंगाट अनेकांना सोसत नाही. मुलींमध्ये तर 'लाजाळू आहे' म्हणून ही गोष्ट लक्षातच येत नाही. पण स्वमग्नता म्हणजे बुद्धी कमी असे नाही. अमेरिकेच्या टेंपल ग्रँडिन (जन्म १९४७) लहानपणी उशिरा बोलल्या, पुढे डॉक्टरेट घेऊन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या.

अडते कुठे?

शाळेत एकच वर्ग, एकच बाक. कॉलेजात दर तासाला खोली बदलते, वेळापत्रक ऐनवेळी फिरते. मिरजेहून सांगलीला जायचे तर बसची गर्दी वेगळीच. मूल काही न बोलता जायचेच बंद करते आणि घरचे म्हणतात, "आळशी झालाय." अभ्यास झेपत असूनही शिक्षण सुटते ते असे.

काय करावे?

१. दिव्यांगत्वाचा दाखला काढा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आधी वार विचारून मगच मुलाला न्या, म्हणजे हेलपाटा वाचेल. दाखल्यावर ४० टक्के किंवा जास्त असेल, तर सरकारी व अनुदानित कॉलेजात किमान ५ टक्के राखीव जागांचा आणि वयात ५ वर्षे सवलतीचा हक्क मिळतो.

२. "जातीचा दाखला आहे, मग हा कशाला?" असे आम्हाला घरोघर विचारतात. एकाने दुसरा रद्द होत नाही. दोन्ही जोडा. अनुसूचित जातीच्या भारत सरकार शिष्यवृत्तीत दिव्यांग विद्यार्थ्याला १० टक्के जादा भत्ता आहे. अर्ज महाडीबीटीवर करा.

३. कॉलेज सुरू होण्याआधी दोन-तीनदा मुलासोबत जाऊन या. वर्ग, ग्रंथालय, स्वच्छतागृह आणि शांत बसण्याची एक जागा दाखवून ठेवा. बसचा प्रवासही सोबत करून पाहा.

४. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यात मागा: वेळापत्रकातला बदल लेखी कळवणे, बसायला ठरलेली जागा, त्रास झाल्यास वर्गाबाहेर जाण्याची मुभा, विचारायला एक ठरावीक शिक्षक. ४० टक्क्यांचा दाखला असल्यास ३ तासांच्या पेपरला किमान १ तास जादा मिळू शकतो. परीक्षेचा फॉर्म भरतानाच ते मागा.

५. चेष्टा आणि डाव या मुलांना लवकर कळत नाहीत. रॅगिंग झाले तर १८००-१८०-५५२२ या मोफत क्रमांकावर तक्रार करा.

६. स्वमग्नतेबद्दल कोणाला सांगायचे, हे मुलालाच विचारा. ते आता मोठे झाले आहे.

झोप उडाली, जेवण तुटले, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर वाट पाहू नका. मानसोपचार ओपीडीत न्या किंवा १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा.

वस्तीत असे एखादे घर असेल, तर त्या आईला एकटी फॉर्म भरायला सोडू नका. रविवारी विहारात वंदनेनंतर शिकलेल्या दोघा-तिघांनी तासभर बसून तिचे कागद तपासले, तर एका मुलाचे वर्ष वाचते.