रॉडचा कल

चि. बाळ यास,


तुझे पत्र पावले. शिक्षक वेल्डिंगचा रॉड ७० ते ८० अंशांत धरण्यास सांगतात, शेजारच्या टेबलावरचा सोबती ४५ अंशांचा आग्रह धरतो, आणि पुस्तकात पाहावे तो १५ अंशांचाच उल्लेख सापडतो. तेव्हा तिघांपैकी कोणाचे मानावे, असे तू विचारतोस. तिघांचेही मानावे. मात्र प्रत्येकाने कोनमापक कोठे लावला आहे, हे आधी समजून घ्यावे.

वेल्डिंग करताना रॉडला दोन कल असतात. पहिला जोडाच्या आडव्या दिशेने, म्हणजे दोन प्लेटांपैकी कोणत्या प्लेटकडे रॉड किती झुकला आहे तो. आणि दुसरा जोडाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे ज्या बाजूस तू सरकत जातोस त्या बाजूस रॉडचा होल्डरकडील माथा किती कलला आहे तो. सोबत्याचे ४५ अंश पहिल्या कलाचे असून, काटकोनात उभ्या केलेल्या दोन सारख्या जाडीच्या प्लेटांच्या फिलेट जोडास ते यथायोग्य आहेत. दोन प्लेटा एका पातळीत ठेवून बट जोड करशील, तेव्हा तोच कल ९० अंशांचा होईल. शिक्षकांचे माप दुसऱ्या कलाचे, जोडाच्या रेषेपासून घेतलेले; आणि पुस्तकातले १५ अंशही त्याच कलाचे, परंतु लंबापासून मोजलेले आहेत, कारण ९० मधून १५ वजा केले की शिक्षकांचेच ७५ हाती येतात.

परंतु हे आकडे पाठ करून कारागीर होता येत नाही. आकड्यामागचे कारण ज्यास उमगले, त्यास नवा जोड समोर आला असता पुस्तक उघडावे लागत नाही. आणि ज्यास ते उमगले नाही, त्याचे पुस्तक नेमके अडचणीच्या वेळी कपाटात असते. म्हणून कारण सांगतो. रॉडच्या टोकाशी पेटणारा आर्क हा केवळ उजेड नव्हे, त्याला जोर आहे: हजारो अंशांची उष्णता, वितळलेल्या धातूचे थेंब आणि तप्त वायूंचा झोत हे सारे रॉड ज्या दिशेस रोखलेला असेल, साधारणतः त्याच दिशेस फेकले जाते. बोरूचा कल बदलला की अक्षराची जाडी बदलते, तद्वतच रॉडचा कल बदलला की धातू कोठे खोल शिरेल आणि कोठे नुसता वर पसरेल, याचा निर्णय बदलतो.

याच्या जोडीला मळीचा, म्हणजे स्लॅगचा, विचार येतो. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग या अभियंत्याने उघड्या तारेवर लेप चढविण्याची युक्ती काढली, तेव्हापासून हा स्लॅग आपल्या पदरी आला. लेप जळून निघणारा वायू हवेतील प्राणवायू व नत्रवायू यांना दूर ठेवतो, आणि वितळलेला लेप धातूवर पांघरुणासारखा पसरून त्याचे निवताना रक्षण करतो. हा उपकार मोठा आहे, पण तो स्लॅग आर्कच्या मागे राहील तोवरच. रॉडचा माथा पुढे आणि टोक मागच्या वितळलेल्या डबक्याकडे रोखलेले असले, म्हणजे आर्कचा जोर स्लॅगला मागे रेटून धरतो. रॉड अगदी सरळ उभा राहिला, किंवा त्याचा कल उलटा पडला, तर पातळ स्लॅग पुढे धावतो, आर्क त्याच्यावरून चालू लागतो, आणि खालची प्लेट न वितळताच वरून धातू बसतो. असा जोड हातोडीने स्लॅग उडवून ब्रश मारला की पुष्कळदा देखणा दिसतो, हाच त्यातला धोका होय.

उलट पक्षी, स्लॅगच्या भीतीने रॉड फारच निजवला, म्हणजे प्लेटेपासून ४५ अंशांवर किंवा त्याहूनही खाली आणला, तर आर्क लांबतो व झोत पृष्ठावरून घसरत जातो. खोली कमी होते, मागे धातूचा ढीग साचतो, कडेला अंडरकटची चर पडते, ठिणग्या उडतात, आणि हवेला आत शिरण्यास वाट मिळून ब्लोहोल होतात. सबब लंबापासून १० ते २० अंशांचा, म्हणजे शिक्षकांनी सांगितलेलाच, कल हा या दोन संकटांमधील सुरक्षित मार्ग आहे. आर्कची लांबी आतील तारेच्या जाडीएवढी, म्हणजे तुझ्या दहा नंबरच्या रॉडला सुमारे ३ मिलिमीटर असावी. ई ७०१८ जातीचा, भट्टीत तापवून कोरडा केलेला रॉड पुढे हाती येईल, तेव्हा ती याहूनही आखूड ठेवावी लागेल.

आडव्या कलाचा हिशेबही याच न्यायाने कर. फिलेट जोडात रॉड उभ्या प्लेटेकडे अधिक वळला की तिच्या अंगात अंडरकट पडतो आणि धातू ओघळून खालच्या प्लेटेवर न मिसळता नुसता बसून राहतो. एक प्लेट १२ मिलिमीटर आणि दुसरी ५ मिलिमीटर जाडीची असेल, तर ४५ अंशांचा हट्ट सोडून रॉड जाड प्लेटेकडे रोखावा; कारण जाड प्लेट उष्णता भराभर शोषून घेते आणि पातळ प्लेट भोक पडण्याची वाट पाहत असते. खालून वर चढणाऱ्या उभ्या जोडात तर टोक मागे रोखण्याचा नियमच फिरतो: तेथे रॉडचे टोक किंचित वरच्या बाजूस रोखतात, कारण गुरुत्वाकर्षण स्लॅगला आपसूक खाली नेते, आणि आर्कच्या जोराचे काम डबक्याला खालून आधार देण्याचे असते. ज्याने अंश पाठ केले, त्यास हा विरोधाभास वाटेल. ज्याने कारण जाणले, त्यास तोच नियम दुसऱ्या वेषात भेटेल.

आता हाताविषयी. करंटचा हुकूम एकदा मशीनच्या चाकावर दिला की मशीन तो पाळत राहते. कोनाची जबाबदारी मात्र दर क्षणी तुझ्या मनगटावर आहे. रॉड ३५० किंवा ४५० मिलिमीटर लांब असतो आणि जळत जळत आखूड होतो; म्हणून हात पुढे सरकतानाच रॉडच्या रेषेत खालीही यावा लागतो. नवशिक्याचा हात उंची सोडत नाही, मनगट एका जागी ठेवून तो रॉड वळवीत राहतो, आणि आरंभी ७५ अंशांवर असलेला कल शेवटच्या टप्प्यात पार ढळलेला असतो. यास्तव आर्क पेटविण्यापूर्वी होल्डर धरून कोरडाच हात जोडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. कोपर अडले, केबलचे वजन मनगटावर आले, किंवा पाय अवघडले, तर आधी बैठक बदल. काळ्या काचेतून पाहतानाही दृष्टी आर्कच्या झगमगाटावर न ठेवता त्याच्या मागच्या डबक्यावर ठेवावी. धातू कोणता आणि स्लॅग कोणता हे ओळखता येऊ लागले, की कल चुकल्याची वर्दी तेथेच मिळते.

एक सावधगिरी सांगून ठेवतो. प्रत्येक दोषाचे खापर कोनावर फोडू नये. करंट कमी असला तरी स्लॅग पुढे येतो, रॉड दमट किंवा प्लेट गंजकी असली तरी ब्लोहोल पडतात, आणि डी. सी. मशीनवर प्लेटेच्या टोकाशी चुंबकीय क्षेत्र एकवटून आर्क भलतीकडेच वाहू लागतो. तेथे आर्क आखूड करणे, अर्थचा क्लॅम्प दुसरीकडे लावणे आणि मगच कल बदलून पाहणे हा शहाणपणाचा क्रम होय. ए. सी. वर हा त्रास सहसा होत नाही.

हे सर्व इतक्या बारकाईने लिहिण्याचे प्रयोजन असे, की उद्या तू उसाच्या ट्रॉलीचा हूक जोडशील आणि ती ट्रॉली भरल्या वजनानिशी, माणसांच्या रहदारीतून, रस्त्याने जाईल. वरून पाहणाऱ्या तपासनिसास मुळाशी राहिलेली फट दिसणार नाही, ट्रॉलीच्या मालकास तर नाहीच नाही. हात चालवत असता डबके पाहणारा इसम एकच, आणि तो तू. ज्या कामाची सचोटी दुसऱ्यास पडताळता येत नाही, तेथे कारागिराने आपणच आपला तपासनीस व्हावे, यावाचून गत्यंतर नाही.

तेव्हा पुढच्या आठवड्यात एवढे कर. सारख्या जाडीच्या पट्ट्यांचे तीन टी-जोड टॅक मारून घे, आणि तोच रॉड व तोच करंट ठेवून तिन्ही एकाच बाजूने वेल्ड कर. पहिल्यात रॉड सरळ उभा, दुसऱ्यात रेषेपासून ७५ अंशांवर, तिसऱ्यात ४५ अंशांवर धर. नंतर तुकडे पूर्ण निवू दे, शिकंज्यात आवळ, आणि उभी पट्टी वेल्डच्या बाजूस हातोडीने पाडून जोड मुळापासून उघड. पट्टीची मूळ कडा जशीच्या तशी कोठे राहिली, स्लॅगची काळी रेघ कोठे अडकली, आणि धातू खरोखर एकजीव कोठे झाला, हे पाहून तिन्ही तुकड्यांवर खडूने क्रमांक घाल व ते शिक्षकांना दाखव. सरळ उभ्या रॉडचा जोड वरून सर्वांत सुबक दिसला असेल, तर त्याच्या मुळाशी काय निघाले ते मला सविस्तर कळव.

तुझ्या आईस आशीर्वाद सांग. बहुत काय लिहिणे. कळावे.

तुझा,
मामा